धडधडते हृदय आणि मृत्यूची व्याख्या

श्वास थांबला, नाडी लागेनाशी झाली आणि बुबुळे उजेडाला दाद देईनाशी झाली की मृत्यू झाला, ही व्याख्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकालाही पुरत होती, कारण श्वसन, रक्ताभिसरण आणि मेंदू ही तिन्ही कार्ये काही मिनिटांच्या अंतराने बंद पडत आणि त्यांतले आधी कोणते थांबले, हे पाहण्याची गरज कोणाला भासत नसे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ पसरली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी बसवून बाहेरून हवा भरण्याचा मार्ग अवलंबला आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबत रुग्णांच्या उशाशी बसले. हेच काम पुढे व्हेंटिलेटर करू लागला, तेव्हा मेंदू कायमचा निकामी झालेला असूनही छाती वरखाली होते आणि हृदय चालते, अशी पूर्वी कधी न दिसलेली अवस्था डॉक्टरांपुढे आली. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिचे निकष मांडले.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी हृदय आणि श्वसन यांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो. हृदयाच्या ठोक्याला लागणारी विद्युतप्रेरणा हृदयातच निर्माण होते, त्यामुळे प्राणवायू मिळत राहिला तर मेंदूच्या आज्ञेवाचूनही ते काही काळ धडधडते. श्वासाचे तसे नाही. त्याची आज्ञा मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या बोटभर लांबीच्या भागातून सुटते. जागृतीची सूत्रेही याच भागातून जातात, म्हणून भारतीय कायद्याने मस्तिष्कस्तंभाची सर्व कार्ये कायमची थांबणे हीच मेंदूमृत्यूची व्याख्या मानली आहे. अमेरिकेत मात्र संपूर्ण मेंदूचा विचार होतो.

कोमा वेगळा आणि मेंदूमृत्यू वेगळा. कोमातल्या रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ थोडाफार तरी जिवंत असतो आणि तो शुद्धीवर येऊ शकतो, तर व्हेजिटेटिव्ह अवस्थेत डोळे उघडतात, झोपेचे चक्र चालते, पण भान नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ४० वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यंत्राविना श्वास घेत होत्या, त्यामुळे त्या मेंदूमृत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नमूद केले.

निदानाची पद्धत कडक आहे आणि ती तशीच असायला हवी. मेंदूला झालेल्या इजेचे कारण आधी ठाऊक असावे लागते, तसेच गुंगीची औषधे किंवा अतिशीत शरीर यांमुळे मेंदूमृत्यूसारखी लक्षणे दिसत नाहीत ना, याची खात्री करावी लागते. मग बुबुळांवर प्रकाश टाकणे, कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे हलतात का पाहणे, श्वासनलिकेत नळी फिरवून खोकला येतो का तपासणे अशा चाचण्या होतात. सर्वांत निर्णायक चाचणी श्वासाची. रुग्णाला भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. त्याचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत चढूनही छाती हलली नाही, तर श्वसनकेंद्र संपले असे ठरते. किमान ६ तासांनी सारे पुन्हा तपासतात. चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणपत्र द्यायचे असते आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्यात चालत नाही. एवढे झाल्यावरही मेंदूमृत व्यक्तीचा पाय झटका देतो, क्वचित हात उचलला जातो. ही हालचाल मज्जारज्जूतून होते, पण नातेवाइकांना ते कसे पटावे?

या अविश्वासाला कायद्याच्या रचनेनेही खतपाणी घातले आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आली, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील मृत्यूच्या व्याख्येत मेंदूचा उल्लेखच नाही. त्यामुळे 'डॉक्टरांना मूत्रपिंडे हवीत म्हणून माणूस मेला म्हणतात' ही शंका निराधार असली तरी अनाकलनीय नाही. कुटुंबाने अवयवदान नाकारले, तर त्याच व्यक्तीचा व्हेंटिलेटर काढण्यास अनेक डॉक्टर कचरतात. केरळने २०२० साली मेंदूमृत्यूच्या प्रमाणीकरणासाठी अवयवदानापासून स्वतंत्र अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली.