दोन ट्रॉल्या, एक ब्रेक

वजनकाट्याची एक पावती मी गेली काही वर्षे जपून ठेवली आहे. तीवर भरलेल्या गाडीचे वजन आहे, रिकाम्या गाडीचे आहे आणि दोन्हींच्या वजाबाकीतून आलेला ऊस आहे : १९ टन आणि वर काही किलो. तो आमच्याच शेतातला ऊस. त्यानंतरची खेप काट्यापर्यंत पोचलीच नाही.

लोणखेडा शहाद्याला खेटून आहे. तापीचे खोरे, काळी खोल जमीन, उत्तरेला सातपुडा. पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या मुलखाचा हिवाळा उसाच्या वाहतुकीचा झाला. दिवाळी सरली की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या दिसू लागतात. लहानपणापासून हे दृश्य पाहिल्यामुळे त्यात विचारण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते. एकदा मी वडिलांना विचारले होते, एवढे वजन चालते का? ते म्हणाले, "वढस ना, मंग?" ओढतो ना, मग झाले. या लेखात मला जे सांगायचे आहे ते या तीन शब्दांच्या उत्तराबद्दलच आहे. ते खोटे नाही. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी ओढण्याचा हिशोब पाहू. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या. त्याचे स्वतःचे वजन साधारण २.२ टन. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून ३.८ टन आणि ऊस १९ टन धरला, तर सगळी वरात २५ टनांची होते. सपाट डांबरी रस्त्यावर चाक फिरवत ठेवायला वजनाच्या सुमारे दोन टक्के जोर लागतो; म्हणजे २५ टनांसाठी फक्त अर्धा टन. एवढा जोर ताशी २० किलोमीटरच्या वेगाने लावायला जवळपास २७ किलोवॅट शक्ती पुरते. ५० अश्वशक्ती म्हणजे ३७ किलोवॅट. गिअर, धुरा, टायर यांत काही वाया गेली तरी भागते. तेव्हा वडील बरोबर होते. इंजिन ओढते, आणि फारसे कुरकुरतही नाही.

हवा भरलेल्या टायरची ही करामत आहे. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकाच्या बैलगाडीला एवढी सवलत कधीच नव्हती. शेतातही ती नसते. मऊ मातीत हाच जोर आठ-दहा टक्क्यांवर जातो, ओल असेल तर आणखी. म्हणून तर ट्रॉल्या शेतातून एकेक करून बाहेर काढतात, कधी पुढे दुसरा ट्रॅक्टर जुंपून, आणि डांबरावर आल्यावर एकमेकींना जोडतात. जोडण्याचा तो क्षण मला आता वेगळाच दिसतो. शेताने जे नाकारले ते रस्त्याने मान्य केले, एवढाच त्याचा अर्थ.

चढ लागला की हिशोब बदलतो. शंभर मीटरला चार मीटर, असा पुलाचा साधा चढ घ्या. आता दोन टक्क्यांत चार टक्के मिळवायचे. जोर लागतो दीड टन. इंजिन खालच्या गिअरमध्ये तो देईलही, पण रस्त्याला तो पोचवायचा कोणी? मागच्या दोन चाकांनी. त्यांच्यावर ट्रॅक्टरचे वजन असते सुमारे १.४ टन, कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या सत्तर टक्के धरली तर मिळतो जेमतेम एक टन. ओढताना पुढचे थोडे वजन मागे सरकते, त्यामुळे सव्वा टनापर्यंत मजल जाते. तरीही कमीच. चाके जागच्या जागी फिरू लागतात.

यावर शेतकऱ्याकडे उपाय असतात. मागच्या टायरांत पाणी भरतात. ट्रॉली दोन चाकी असेल तर मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचतात, म्हणजे ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर दाबून बसते आणि चाकांना पकड मिळते. बैलगाडी भरणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो. ट्रॅक्टरला मान नाही, पण पुढची चाके आहेत. हुकावर दाब वाढला की ती हलकी होतात, आणि ज्या चाकांनी वळायचे त्यांचेच जमिनीवर नीट वजन राहत नाही. स्टिअरिंग हाताला हलके लागू लागले की काही ड्रायव्हरांना बरे वाटते. ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे.

त्या दिवशी शेताच्या बांधावर मी उभा होतो. पुढच्या ट्रॉलीत आणखी मोळ्या टाकायच्या का, असे टोळीतल्या माणसाने विचारले. टाका, म्हणालो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. खेप एक वाचली तर डिझेल वाचते. हा विचार माझाच होता, ड्रायव्हरचा नव्हे.

पूल चढताना काही झाले नाही. झाले ते उतरताना. उताराच्या पायथ्याशी शेळ्या रस्ता ओलांडत होत्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबू पाहत होता, ट्रॉल्या थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी त्याला मागून ढकलले, हुकापाशी वरात घडी घातल्यासारखी मोडली, ट्रॅक्टर आडवा झाला आणि कडेच्या चारीत उलटला. आमच्याच गल्लीतला पोरगा. वाचला. आज काठी घेऊन चालतो.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, हे मला माहीत होते. ते आकड्यांत काय असते, हे मात्र मी नंतर वहीत मांडून पाहिले. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवर. ते उत्तम स्थितीत आहेत आणि पाय पूर्ण दाबलेला आहे असे धरले, तरी त्या चाकांची पकड एक टनापेक्षा फार जास्त रोध देऊ शकत नाही. त्यात टायरांच्या घर्षणाचा अर्धा टन मिळवा. दीड टनाने २५ टन अडवायचे. नुसता ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरवरून साडेतीन मीटरमध्ये थांबतो. पूर्ण वरातीला सपाटीवर सुमारे २७ मीटर लागतात, वेग ३० असेल तर ६० मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो सेकंद जातो त्याचे पाच-सहा मीटर वेगळे.

आता तोच चार टक्के उतार. २५ टनांचे चार टक्के म्हणजे एक टन जोर आता उलट्या बाजूने लागतो. दीड टनातून तो वजा केला तर थांबवायला अर्धा टन उरतो. २० च्या वेगावरून थांबायला ८० मीटरहून अधिक. त्या शेळ्या तीस पावलांवर होत्या.

सहा टक्के उतारावर दीड टन विरुद्ध दीड टन. वरात थांबतच नाही. ज्या वेगाने आली त्याच वेगाने जात राहते. डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी वीस मीटरला एक मीटर, म्हणजे पाच टक्के चढ हे आपल्याकडचे नेहमीचे मानक आहे. धडगाव किंवा तोरणमाळकडे चढणाऱ्या वाटांवर दोन भरलेल्या ट्रॉल्या का दिसत नाहीत, हे ड्रायव्हरांना वहीशिवाय समजलेले असते. पण पूल, बांध, नाल्याचा उतार ही सपाट मुलखातली घाटांची पिल्लेच आहेत, आणि त्यांना कोणी घाट म्हणत नाही.

यावर आणखी दोन गोष्टी. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात पटकन वळता यावे म्हणून. रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडायची असतात. ती जोडायची राहिली आणि पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर थांबत नाही, वळतो. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे, किंवा घाबरून क्लच दाबणारे, इंजिनाचा उरलासुरला आधारही स्वतःच काढून घेतात.

मोठ्या ट्रक-ट्रेलरची गोष्ट वेगळी आहे, ती या एकाच कारणाने. त्याच्या ट्रेलरच्या प्रत्येक धुऱ्याला हवेचे ब्रेक असतात आणि पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागतो. हवेची नळी तुटली तर ट्रेलर आपोआप जाम होतो. म्हणून २०१८ मध्ये सरकारने धुऱ्यावरच्या वजनाची मर्यादा वाढवली (चार टायरांच्या एका धुऱ्याला १०.२ वरून ११.५ टन) तेव्हा निदान ब्रेकवाल्या वाहनांचा विचार तिथे करता येत होता. ट्रॉलीची पिन निसटली तर तिला अडवणारे काही नसते. साखळी लावली असेल तर तेवढीच.

मग किती ओढावे? परदेशी ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत एक सोपा नियम छापलेला असतो : ब्रेक नसलेली ट्रॉली भरल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावी, ब्रेक असलेली साडेचारपटीहून. आमच्या २.२ टनी ट्रॅक्टरला पहिला नियम देतो ३.३ टन, दुसरा ९.९. आम्ही जोडले होते २२.८. दहापटीहून जास्त. या नियमाने आमच्याकडे कारखाना चालणार नाही असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण ट्रॉलीला ब्रेक बसवले तर तीनपट मोकळीक मिळते, ही त्याच नियमाची दुसरी बाजू कोणी वाचत नाही. ब्रेक बसवायला पैसे लागतात, मोळ्या टाकायला लागत नाहीत.

कायदा शोधताना मला एक जुनी नियमावली सापडली. ओढकाम करणाऱ्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६५ मध्ये केंद्राने नियम केले. कोणत्या बैलाने किती वजन ओढावे हे त्यात जनावराच्या आकारानुसार आणि गाडीच्या चाकांनुसार ठरवलेले आहे. तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त चढ किलोमीटरभर असेल तर वजन निम्मे करावे, असे त्यात म्हटले आहे. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, हेही. बैलाचा चढ कायद्याने मोजला. मला त्या नियमावलीबद्दल आदर वाटला आणि थोडी असूयाही.

वाहनांसाठीही कायदा आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ सांगते की नोंदणी पुस्तकातल्या वजनापेक्षा जास्त वजनाने गाडी चालवायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये, आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार. हा दंड लावायला आधी वजन करावे लागते, आणि रस्त्यावर काटा नसतो. उसाच्या गाडीचे मात्र प्रत्येक खेपेला वजन होते, भरलेलीचे आणि रिकामीचे, किलोपर्यंत, वेळेसह, छापून. शेतकऱ्याचे पैसे त्यावर ठरतात म्हणून तो आकडा कोणी चुकू देत नाही.

ट्रॉलीचे नोंदणी पुस्तक आमच्या घरात त्याच कपाटात असते. पावती आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून मी पहिल्यांदा पाहिले ते ट्रॅक्टर चारीतून काढल्यानंतर. वडील समोर बसले होते. पुस्तकातला आकडा मी वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "ब्रेक बसाडाले किती लागतीन?"