तेरा रिचार्ज आणि फुकटचं गाणं

वर्षाचे महिने बारा, पण मोबाइलचे रिचार्ज तेरा. 28 दिवसांचा प्लॅन घेणाऱ्याला हा तेरावा चुकत नाही. रोज दीड जीबी देणारा जिओचा प्लॅन जुलै 2024 मध्ये 299 रुपयांवर गेला. तेरा वेळा भरला की वर्षाचे 3,887 रुपये होतात. 18 टक्के जीएसटी त्यातच आला. आता आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मलकापूरच्या बसस्टँडवर, एखाद्या जिनिंगच्या आवारात किंवा भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कुणालाही विचारा, गाण्यांवर वर्षाला किती खर्च करता? बहुतेक जण सांगतील, काहीच नाही, यूट्यूबवर फुकट ऐकतो. उत्तर खोटं नाही, पण हिशेब अर्धा आहे.

आपल्याकडे गाण्याचा पैसा गाण्याच्या नावानं फारसा कधी मोजलाच गेला नाही. तो नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी पोटात शिरून गेला.

रेडिओचंच घ्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. 1952 पासून सिलोनवर बिनाका गीतमाला, 1955 च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर गीतरामायणाची 56 गाणी, 1957 पासून विविध भारती. एवढं सगळं ऐकणाऱ्याला वाटायचं, हे फुकट आहे. फी होती ती 'रेडिओची', गाण्याची नव्हे.

रेकॉर्डचा इतिहास तर गावापासून फारच लांबून गेला. 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन येत. 1908 मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला. लाखेच्या त्या 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावे. वऱ्हाडात ग्रामोफोन असायचा तो जिनवाल्या शेठजींकडे, वकिलाकडे, फार तर एखाद्या हॉटेलात. हॉटेलात चहाचे पैसे दिले की गाणं सोबत मिळे. बाकीच्यांनी रेकॉर्ड ऐकली ती लग्नात, लाउडस्पीकरवाल्याच्या कर्ण्यातून. तबकड्या त्याच्या मालकीच्या, भाडं वधूपित्याचं आणि गाणं अख्ख्या गावाचं.

कॅसेट आली आणि शेतमजुराच्या खिशातून पहिल्यांदा थेट गाण्यासाठी पैसा निघाला. मला वाटतं, गेल्या सव्वाशे वर्षांत असा एवढाच काळ होता.

दिवाळीच्या पुढे कापूस विकला गेला की हाती पैसा येई, त्यात टेपरेकॉर्डर घेतला जाई. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला 'टू-इन-वन' हुंड्याच्या यादीतही जाऊन बसला होता. पण यंत्र घेतलं तरी एचएमव्हीची कॅसेट महाग पडे. इथे गुलशनकुमार यांनी वाट काढली. 1983 मध्ये त्यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज, उभी राहिली. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं: गाणं एकदा रेकॉर्डवर आलं की आगाऊ सूचना आणि ठरलेली रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्या आवाजात काढता येई. त्या आधारानं जुनी गाणी नव्या गळ्यांतून आली, स्वस्तात आली आणि पानटपरीपासून किराणा दुकानापर्यंत कुठंही विकली जाऊ लागली. खऱ्याखोट्याचा वाद शहरातल्या रसिकांनी घातला. हायवेवरच्या ट्रक ड्रायव्हरला तो वाद परवडणारा नव्हता. (असं गाणं काढण्याआधी थांबायचा दोन वर्षांचा अवधी 2012 च्या दुरुस्तीनं पाच वर्षांवर नेला, तोवर कॅसेटच संपली होती.)

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर असल्याचा फायदा मलकापूरला इथंही झाला. एका बाजूला नागपूरची दीक्षाभूमी, दुसऱ्या बाजूला दादरची चैत्यभूमी. दोन्हीकडच्या गर्दीत पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेट मांडलेल्या असत. प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज ज्या घरांत पोचले, त्यांतल्या कित्येक घरांत तोवर एकही रेकॉर्ड विकत आलेली नव्हती. शेगाव तर आपल्याच जिल्ह्यात, घटकाभराच्या रेल्वेप्रवासावर. गजानन महाराजांची आरती, सैलानीच्या यात्रेतल्या कव्वाल्या, तुकडोजी महाराजांची भजनं, लोकगीतं. बड्या कंपन्यांनी ज्यांना गिऱ्हाईक मानलंच नव्हतं, त्यांच्या आवडीला या वीस-पंचवीस रुपयांच्या डबीनं बाजारभाव दिला.

गायकाला काय मिळालं? छोट्या कंपन्या बहुतेक वेळा एकरकमी पैसे देत आणि पुढच्या विक्रीशी त्याचा संबंध उरत नसे. कॅसेटनं नाव होई, पोट भरे ते कार्यक्रमाच्या सुपारीवर.

त्याच काळात आणखी एक धंदा चालला, तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देण्याचा. वहीच्या पानावर यादी नेऊन द्यायची, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी बसवून दुकानदार देई. बेकायदा होतं, पण ज्याला एका सिनेमातलं एकच गाणं हवं, त्यानं पूर्ण अल्बमचे पैसे का मोजावेत, या प्रश्नाला कंपन्यांकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे सीडी आली, शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी तिच्या पाठोपाठ फुटपाथवर आली आणि दोन्ही गेल्या. मग तोच गाणी भरून देणारा मोबाइलच्या दुकानात बसला आणि मेमरी कार्ड भरू लागला. मुंबईत काळा घोडा इथलं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान फेब्रुवारी 2016 मध्ये बंद झालं तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी पानं भरली. गावोगावचे हे कार्डवाले त्यानंतर भराभर उठले, त्यांची बातमी कुणी केली नाही.

मध्येच एक गंमत झाली. कॉलर ट्यून. तीस सेकंदांचा तुकडा, तोही आपल्याला नव्हे, आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येणार, आणि त्यासाठी महिन्याला तीस रुपयांच्या आसपास. पूर्ण गाण्यासाठी दहा रुपये न देणाऱ्यांनी हे पैसे दिले, कारण ते न विचारता बॅलन्समधून कापले जात. तक्रारी इतक्या वाढल्या की 2013 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण ट्रायनं अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं सक्तीचं केलं. त्याच सुमारास उघडपणे गाणी विकणाऱ्यांचं काय झालं पाहा: फ्लिपकार्टनं फेब्रुवारी 2012 मध्ये सुरू केलेलं 'फ्लाइट' हे दुकान जून 2013 मध्ये गुंडाळलं. तिथं गाणं सहा रुपयांपासून मिळत होतं. ॲपलचं आयट्यून्स डिसेंबर 2012 मध्ये सात ते पंधरा रुपयांना गाणं घेऊन आलं, तेही गावापर्यंत पोचलं नाही. सहा रुपये जड नव्हते. ते गाण्यासाठी म्हणून वेगळे काढून द्यायचे, हे जड होतं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि काही महिने डेटा फुकट मिळाला. हात तिथं कायमचा वळला. हिशेब केला तर आजचा दीड जीबी गाण्यासाठी प्रचंड आहे. 128 केबीपीएस दर्जाचं गाणं तासाला साधारण 58 एमबी खातं, म्हणजे चोवीस तास अखंड ऐकलं तरी दिवसाचा डेटा पुरून उरतो. अडचण एवढीच की आपण गाणं ऐकत नाही, 'पाहतो', आणि व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो. फोन खिशात, स्क्रीन चालू, गाणं कानात. रात्री आठला डेटा संपला की पुन्हा पंधरा-वीस रुपयांचं टॉप-अप. त्या टॉप-अपला कुणी संगीतावरचा खर्च म्हणत नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये स्पॉटिफाय महिना 119 रुपयांनी भारतात आलं. फिक्की-ईवायच्या अहवालानुसार 2023 मध्ये देशात साडेअठरा कोटींच्या आसपास लोक ऑनलाइन संगीत ऐकत होते आणि पैसे भरणारे साधारण 80 लाख, शंभरात चारच. जाहिरातीवर चालणाऱ्या फुकट ऐकण्यातून एका श्रवणामागे मिळणारी रक्कम अगदी नगण्य असते. जे भरतात त्यांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. तुम्ही महिनाभर फक्त एका वऱ्हाडी गायकाला ऐकलंत तरी तुमची वर्गणी सरळ त्याच्याकडे जात नाही. बहुतेक ॲपवर सगळ्यांचा पैसा एका गल्ल्यात पडतो आणि एकूण श्रवणांतल्या वाट्याप्रमाणे वाटला जातो. मोठा हिस्सा मोठ्या लेबलांचा. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क 2012 च्या दुरुस्तीनं पक्का केला, ही जमेची बाजू. पण ज्याचं गाणं नोंदलेलंच नाही, त्याला तो हक्क कागदावरच राहतो.

आणि आपण कंजूष आहोत असंही नाही. लग्नात बँड आणि डीजेवर हजारो रुपये जातात. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या रेकॉर्डला कायद्यानंच कॉपीराइटमधून सूट आहे. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारनं ते जाहीर नोटिशीनं पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे गाण्यावरचा आपला सर्वांत मोठा खर्च ज्या दिवशी होतो, त्या दिवशी गाणं रचणाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही. स्पीकरवाल्याच्या येतं.

म्हणून ॲपची वर्गणी भरावी की नाही, यावर मी फार भांडणार नाही. ऐपत असेल तर भरा, जाहिरातीचा त्रास वाचेल. पण 14 एप्रिलला, शेगावच्या महाराजांच्या प्रकटदिनाला किंवा गणपतीत गायन पार्टी किंवा भजनी मंडळ बोलावलंत, तर मंडळाच्या वर्गणीच्या वहीत मंडप आणि डीजेच्या वर त्यांची बिदागी लिहा आणि कार्यक्रमाआधी हातात द्या.