रंगाचा कारखाना आणि त्याची धग
(लेखांक ६)

सूर्याचे अतिनील किरण पेशीतील डीएनएला कशी इजा करतात, ते मागच्या लेखात पाहिले. त्यावर त्वचेने शोधलेला उपाय म्हणजे मेलॅनिन. त्याला आपण छत्री म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण ही छत्री पेशीला आपल्याच घरात घडवावी लागते. त्या घडणीची झळ पेशीला बसते का? माझे उत्तर असे, की बसते. आणि किती बसते हे रंग कोणता घडतो यावर पुष्कळसे अवलंबून असते.

रंगपेशीतील मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म पिशवीत टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपाक्विनोन बनवते. इथे वाटेला दोन फाटे फुटतात. सिस्टीन हाताशी असेल तर तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन तयार होते, ते संपले की काळसर-तपकिरी युमेलॅनिन. कौल कुणीकडे जाईल हे मुख्यतः एमसी१आर हे प्रथिन ठरवते; लाल केसांच्या माणसांत ते सहसा दुबळे असते. आता हेच सिस्टीन ग्लुटाथायॉनसाठीही लागते, आणि ग्लुटाथायॉन म्हणजे पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे रसायन. तांबूस रंग घडवताना ही शिबंदी खर्ची पडत असावी, असे एक मत आहे.

या मताला बळ देणारा प्रयोग बोस्टनमधील डेव्हिड फिशर यांच्या गटाने 2012 मध्ये प्रसिद्ध केला. मेलॅनोमात, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगात, वारंवार आढळणारा बीआरएएफ जनुकातील बदल त्यांनी उंदरांच्या रंगपेशींत घडवून आणला आणि उंदरांना अतिनील किरणांपासून दूर ठेवले. तरीही तांबूस उंदरांना मोठ्या प्रमाणात मेलॅनोमा झाला. त्याच तांबूस उंदरांतील रंगनिर्मिती पूर्ण बंद केली, तेव्हा मात्र त्यांना संरक्षण मिळाले.

मग रंग नसणेच बरे का? नाही. आफ्रिकेत वर्णहीनता असलेल्या माणसांना उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग किती छळतात, हे सर्वज्ञात आहे. तिथे छत्रीच नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेपही रास्त आहे. प्रयोगशाळेतला उंदीर ऊन सोसत जगत नाही. म्हणून प्रयोगातून निघतो तो निष्कर्ष मर्यादित आहे: ऊन हे कारण आहेच, पण ते एकटे नाही.

रंगनिर्मितीचे पेशीच्या चयापचयाशी असलेले नाते आणखी एका बाजूने दिसते. रंगनिर्मितीची जनुके चालवणारे एमआयटीएफ हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाची संख्या आणि कामही वाढवते. बीआरएएफवरील औषधाने साखरेवर चालणारी भट्टी मंदावली, की काही मेलॅनोमा पेशी याच प्रथिनाच्या आधाराने मायटोकॉन्ड्रियाकडे वळतात आणि तग धरतात, असे 2013 मध्ये दिसून आले. रंगाचा मुकादम आणि इंधनाचा मुकादम एकच निघाला.

‘आपण सावळे, आपल्याला काय धोका?’ असे म्हणणाऱ्यांचे बोलणे अर्धेच खरे आहे. गडद त्वचेत मेलॅनोमा कमी होतो. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि त्याला ऊन सहसा कारण नसते. जिथे किरणांचा मारा नाही, तिथे छत्री काय करणार? तळपायावरचा डाग पसरत असेल किंवा नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवावे.