कायद्याने जगवलेल्या गुराचा चारा कोणी द्यायचा?

बेंगळूरुच्या शिवाजीनगरात, 1927 साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या परिसरात, गोमांसाचा जुना बाजार आहे. कर्नाटकाचा 2020 चा कायदा 2021 मध्ये अमलात आला आणि तेव्हापासून कत्तलीस परवानगी उरली ती फक्त 13 वर्षांवरील म्हशी-रेड्यांना. उल्लंघनास तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. या बाजाराविषयीची चर्चा धर्म, आहार आणि रोजगार यांभोवतीच फिरते. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गोठ्यातला चाऱ्याचा हिशेब तिच्यात क्वचितच येतो.

मांसासाठी गायींचे कळप पाळणाऱ्या अमेरिका-कॅनडातील पशुपालकाला हिवाळ्यातील वैरणीचा खर्च सर्वांत जड जातो. म्हणून तो हिमवर्षावापूर्वीच गायींची गर्भतपासणी करतो. भाकड आणि म्हाताऱ्या गायी विकतो आणि मगच उरलेल्यांसाठी गवताची तजवीज करतो. चाऱ्याचा खर्च आवरण्याची सुरुवात तेथे जनावरांच्या संख्येपासून होते.

आपल्याकडे ऋतुचक्र उलटे आहे. येथे हिवाळा हा साठवणीचा काळ. गळीत हंगामात उसाचे वाढे मिळते, पुढे रब्बी ज्वारीचा कडबा येतो. खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. तीनशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाला सहा ते सात किलो शुष्क चारा लागतो. फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत तो सुमारे पाऊण टन होतो. दावणीला एक भाकड गाय वाढली, तर तेवढा कडबा दुभत्या गायीच्या तोंडचा जातो किंवा विकत आणावा लागतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर पूर्वीच आला होता. 1958 च्या हनीफ कुरेशी खटल्यात गायींच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी वैध ठरली. मात्र निकामी झालेल्या बैल-म्हशींवरील बंदी अवाजवी ठरवताना न्यायालयाने चाराटंचाईचा विचार केला. 2005 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो दृष्टिकोन बदलला. शेणखताच्या रूपाने म्हातारा बैलही उपयुक्तच असतो, असा आधार त्यास मिळाला. दहा वर्षांनी महाराष्ट्राने गायींवरील 1976 ची बंदी बैल आणि वळूंनाही लागू केली.

शेण उपयुक्त असते, हे खरे. पण त्याने वैरणीचे पैसे फिटतात का? उत्तर सरकारच्याच दरांत आहे. 2019 च्या दुष्काळात महाराष्ट्राने चारा छावण्यांतील मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 रुपयांपर्यंत अनुदान दिले. सप्टेंबर 2024 मध्ये देशी गायींसाठी दिवसाला 50 रुपयांची योजना मंजूर झाली, तीही गोशाळांसाठी. संकरित गाय, म्हातारा बैल आणि त्यांना स्वतःच्या गोठ्यात सांभाळणारा शेतकरी या योजनेच्या बाहेरच राहिला. 2019 च्या पशुगणनेत देशात 50 लाखांहून अधिक मोकाट गुरे आढळली. ज्यांचा खर्च कोणीच पत्करला नाही, अशी पुष्कळ गुरे त्यांत असणार.

चाऱ्याची बचत अशक्य नाही. कडबा कुट्टी करून घातल्यास नासाडी घटते. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरियाची प्रक्रिया करून तो तीन आठवडे हवाबंद ठेवला, तर अधिक पचनीय होतो. मात्र युरियाचे प्रमाण चुकले तर विषबाधेचा धोका असतो. मक्याचा मुरघास हिरव्या चाऱ्याची उणीव भरून काढतो. पण हे उपाय प्रत्येक जनावरामागचा खर्च कमी करतात. दावणीला किती जनावरे ठेवायची, हा निर्णय शेतकऱ्याला परत मिळवून देत नाहीत.

तो निर्णय राज्याने सार्वजनिक मूल्याच्या नावाने आपल्याकडे घेतला असेल, तर त्याची किंमतही सार्वजनिक तिजोरीतूनच यायला हवी. जाती आणि गोशाळेची अट न घालता, बिल्ला मारलेल्या प्रत्येक अनुत्पादक गुरामागे पालकाच्या खात्यात चाराखर्च जमा करणे, हा त्याचा सरळ मार्ग आहे. तेवढा खर्च झेपणार नसेल, तर कायद्याचा फेरविचार करण्याचे धैर्य हवे. दोन्ही टाळले, तर राज्याच्या करुणेचे बिल शेतकऱ्यालाच भरावे लागेल.