किरण थांबल्यावर काय होते?

ट्रॉम्बेला 1974 साली ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू झाला. सिरिंज, सलाइनचे सेट, हातमोजे, ड्रेसिंगचा कापूस असा माल कारखान्यातच सीलबंद होऊन तिथे यायचा, कोबाल्ट-60 भोवती काही तास फिरायचा आणि खोके न उघडता निर्जंतुक होऊन बाहेर पडायचा. गॅमा किरण पुठ्ठा आणि प्लास्टिक पार करून जातात, म्हणून हे जमते. आज देशात असे बरेच प्रकल्प आहेत.

या मालात किरणोत्सर्ग शिरतो का, अशी शंका लोक हमखास विचारतात. नाही. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. तेवढ्याने प्लास्टिकमधल्या अणूंची केंद्रके बदलत नाहीत, त्यामुळे सिरिंज किरणोत्सर्गी होत नाही. खरे तर शंका प्लास्टिकच्या रेणूंविषयी घ्यायला हवी आणि ती मात्र फारसे कोणी घेत नाही.

निर्जंतुकीकरणाचा रूढ डोस आहे 25 किलोग्रे, म्हणजे दर किलो मालामागे 25 हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी जेमतेम सहा अंशांनी तापेल. आधण सोडाच, ते कोमटही होणार नाही. पण उष्णता सगळ्या रेणूंत सारखी वाटली जाते, तर गॅमा किरण आपली ऊर्जा वेचक ठिकाणी ओततो. तो इलेक्ट्रॉन उडवतो, तो इलेक्ट्रॉन पुढे आणखी इलेक्ट्रॉन उडवतो आणि वाटेत कार्बन-हायड्रोजनचे बंध तुटतात. बंध तुटला की मागे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. हाच मुक्त मूलक. कृत्रिम सांध्यात वापरल्या जाणाऱ्या पॉलिथिलिनच्या एका साखळीत अडीच-तीन लाख कार्बन अणू असू शकतात. हिशेब मांडला तर 25 किलोग्रेमध्ये अशा प्रत्येक साखळीवर दहाहून अधिक मूलक तयार होतात.

पुढे काय होणार, हे त्या मूलकाला कोण भेटते यावर ठरते. शेजारच्या साखळीवरचा मूलक भेटला तर दोघांत आडवा दुवा तयार होतो. ऑक्सिजन भेटला तर साखळी तुटण्याची वाट मोकळी होते.

इंग्लंडमध्ये हारवेलच्या अणुभट्टीत आर्थर चार्ल्सबी यांनी पॉलिथिलिन ठेवून पाहिले आणि 1952 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर काढलेले पॉलिथिलिन नेहमीच्या तापमानाला वितळून वाहत नव्हते, रबरासारखे होत होते. साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या होत्या. पुढे यावर मोठा उद्योग उभा राहिला. वायरमन जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवतो आणि हीट गन धरतो, तेव्हा ती नळी आक्रसून वायरला घट्ट बसते. नळीवर आधी किरणांचा मारा करून दुवे बांधलेले असतात. मग ती गरम असताना फुगवून तशीच थंड करतात. पुन्हा उष्णता मिळाली की दुवे तिला मूळ मापावर ओढून आणतात.

सगळेच पॉलिमर असे वागत नाहीत. ढोबळ नियम असा, की साखळीतल्या एकाआड एक कार्बनवर एकही हायड्रोजन नसेल तर साखळी तुटत जाते. हायड्रोजन असेल तर बहुधा दुवे बांधले जातात. म्हणून अ‍ॅक्रिलिक आणि ब्यूटाइल रबर खचतात, पॉलिथिलिन आणि नैसर्गिक रबर बांधले जातात. टेफ्लॉनला आम्ले काही करू शकत नाहीत, पण हवेत हाच 25 किलोग्रेचा डोस दिला तर ते ठिसूळ होते. साधे पॉलिस्टायरीन मात्र त्याच्या शेकडो पट डोस पचवते, कारण त्यातली बेंझिनची कडी आलेली ऊर्जा बंध न तोडता जिरवून टाकते.

डीएनए हाही पॉलिमरच. पेशीत त्याच्या फारशा प्रती नसतात, त्यामुळे थोडे घावही भारी पडतात. लासलगावच्या ‘कृषक’ या किरणप्रक्रिया केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून 60 ते 90 ग्रे पुरतात. माणसाला तर साऱ्या शरीरावर एकदम बसलेले पाचएक ग्रेही उपचारांविना जीवघेणे ठरतात.

किरणांचे काम किरण थांबल्यावरही चालू राहते, याचा सर्वांत महागडा धडा खुब्याच्या कृत्रिम सांध्याने दिला. शल्यविशारद जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती झिजली. 1962 साली त्यांनी अतिदीर्घ साखळ्यांचे पॉलिथिलिन निवडले आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पुढे अशा वाट्या हवा असलेल्या वेष्टनात गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा रिवाज पडला. पॉलिथिलिनच्या स्फटिकी भागात काही मूलक अडकून राहतात आणि तिथे ते वर्षानुवर्षे टिकतात. वाटी कपाटात पडून असताना ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो आणि त्यांना गाठतो. अशा वाटीचा पातळ काप घेतला की पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरा पट्टा दिसे. तिथल्या साखळ्या तुटून पदार्थ ठिसूळ झालेला असे. शरीरात झिजेचे सूक्ष्म कण सुटत, पेशी त्यांच्यावर तुटून पडत आणि त्या धुमश्चक्रीत सांध्याभोवतीचे हाडच विरघळून सांधा सैल होई.

उपायही किरणांतूनच निघाला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. 1990 च्या दशकात आधी वेष्टनातून ऑक्सिजन हद्दपार झाला. मग डोस कमी करण्याऐवजी 50 ते 100 किलोग्रेपर्यंत वाढवला आणि नंतर पॉलिथिलिन तापवले. उष्णतेने अडकलेले मूलक सुटून एकमेकांना भेटतात आणि दुवे बांधतात. झीज लक्षणीय घटली. किंमतही मोजावी लागली: दुवे वाढले की चिवटपणा थोडा कमी होतो, वितळवले तर स्फटिकही घटतात. म्हणून पुढे पॉलिथिलिनमध्ये व्हिटॅमिन ई मिसळून मूलकांना शांत करण्याची पद्धत आली.

सिरिंजच्या पॉलिप्रॉपिलिनचे दुखणे याच जातीचे. स्थिरक न घातलेले पॉलिप्रॉपिलिन किरण दिल्यावर महिनोन्‌महिने ठिसूळ होत राहते, म्हणून वैद्यकीय वस्तूंसाठी त्याची किरण सोसणारी खास प्रत वापरतात. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि ते पिवळे पडते. या पिवळेपणाला घाण समजू नये. ती रेणू बदलल्याची खूण आहे.

प्रत्येक नवा डोस आधीच्या डोसात मिळत जातो. म्हणून एकदाच वापरायची सिरिंज किंवा कॅथेटर पुन्हा निर्जंतुक करून वापरू नका, वापरू देऊ नका. आणि वेष्टन फाडण्याआधी त्यावरची मुदत वाचा.