स्पीकर धडधाकट, रिसीव्हर बाद

शेवगाव तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फ्री डिश बघणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बॉक्स जुना एमपेग-2चा असेल, तर एमपेग-4मधले चॅनेल दिसत नाहीत. छत्रीत दोष नसतो, टीव्हीतही नसतो. होम थिएटरच्या रिसीव्हरचंही हेच होतं. मात्र बॉक्स स्वस्तात बदलता येतो. रिसीव्हर बदलायचा तर त्याच्या पोटातला उत्तम अ‍ॅम्प्लिफायरही अडगळीत जातो.

कारण रिसीव्हर म्हणजे एका पेटीत बसवलेली दोन यंत्रं. ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅम्प्लिफायर नीट वापरले तर पंधरा-वीस वर्षं चालतात. डिजिटल बोर्ड मात्र चार-पाच वर्षांत मागे पडतो. चित्र आणि आवाज वाहणाऱ्या एचडीएमआय जोडणीच्या 2013च्या 2.0 आवृत्तीतून सेकंदाला 18 गिगाबिट माहिती जायची, 2017च्या 2.1मधून 48 जाऊ लागली. मधल्या काळात, 2014मध्ये, डोक्यावरूनही आवाज ऐकवणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस घरात आलं. 4केच्या बहुतेक चित्रपटांसाठी एचडीसीपी 2.2 ही नक्कलरोधक तपासणी लागते. ती न जमणारा रिसीव्हर मध्ये जोडला, की चांगल्या टीव्हीवरही 4के चित्र येत नाही. बरं, नवाकोरा घेतला म्हणून सुटका होतेच असंही नाही. 2020मध्ये बाजारात आलेल्या 2.1च्या काही रिसीव्हरमध्ये एका चिपच्या दोषामुळे एक्सबॉक्स सिरीज एक्सचं 4के, 120 हर्ट्‌झचं चित्र पुढे सरकत नव्हतं.

तंत्रज्ञान पुढे जाणारच, कंपनीने भविष्य कसं ओळखावं, असं यावर म्हटलं जातं. भविष्य ओळखायला कुणी सांगत नाही. बोर्ड जुना होणार हे तर आजच माहीत आहे, मग तो बदलता येईल असा बसवावा. हे परवडत नाही, हा दुसरा आक्षेप. पण चिपच्या त्याच दोषानंतर यामाहाने आपल्या काही मॉडेलचे बोर्ड मोफत बदलून देण्याची योजना आणली, म्हणजे काम अशक्य नाही. सॉफ्टवेअर अपडेटने काही नवे फॉरमॅट वाजू लागतात, हे खरं. पण हार्डवेअरची 18 गिगाबिटची मर्यादा त्याने 48 होत नाही. केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कामात घरगुती उपकरणंही आहेत, त्यात या बोर्डांचा विचार व्हायलाच हवा. तालुक्याच्या गावातला कारागीर जळालेला ट्रान्झिस्टर बदलू शकतो; बोर्डच मिळत नसेल तर त्याच्या कौशल्याचा उपयोग काय?

तोवर गिऱ्हाइकाने सगळी उपकरणं थेट टीव्हीला जोडावीत आणि रिसीव्हरला टीव्हीकडून फक्त आवाज द्यावा. टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे नेणाऱ्या सोयीला आर्क म्हणतात, तिची नवी आवृत्ती ईआर्क. दोन्हीकडे ईआर्क असेल तर ट्रूएचडी या काटछाट न केलेल्या आवाजासकट अ‍ॅटमॉस मिळतं. जुन्या आर्कवरून ट्रूएचडी जात नाही, पण रिसीव्हर अ‍ॅटमॉसचा असेल तर स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉस बहुधा ऐकू येतं. आर्कच नसेल तर ऑप्टिकल वायरने डॉल्बी डिजिटल 5.1 वाजतं, आणि चांगल्या स्पीकरवर तेही कानाला तृप्त करतं.