आजोबांची गोष्ट आणि समुद्राचा पाहुणा

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटें आहेत. १४६९ सालीं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानें तीं आपल्या कन्येच्या हुंड्यापोटीं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवलीं, व तीं कायमचीं तिकडेच राहिलीं. सील नांवाचा जलचर प्राणी किनाऱ्यावर कातडें उतरवून मनुष्यरूप घेतो, असा तेथील कोळ्यांचा समज असे. अशा मायावी सीलास ते ‘सेल्की’ म्हणत. मॉली हंटर (१९२२-२०१२) या लेखिकेनें १९७५ सालच्या ‘ए स्ट्रेंजर केम अशोअर’ या बालकादंबरींत याच समजुतीचा आधार घेतला आहे.

वादळांत जहाज फुटतें, आणि फिन लीअर्सन नांवाचा देखणा तरुण हेंडरसन कुटुंबाच्या आश्रयास येतो. त्याच्या गोड वागण्यावर सारें घर भाळतें. उपवर कन्या एल्स्पेथही भाळते. संशय येतो तो वृद्ध आजोबांना. महासेल्की सोनेरी केसांच्या मुलींना भुलवून समुद्रतळीं नेतो, व बुडालेल्या त्या मुलींच्या केसांनींच त्याच्या महालाचें छत शाकारलेलें असतें, ही गोष्ट ते नातू रॉबीस सांगतात. पुढें आजोबा वारतात. आतां बहिणीचे प्राण वांचविण्यास रॉबीजवळ त्या गोष्टीवांचून दुसरें कांहींच उरत नाहीं. मोठीं माणसें त्याचें म्हणणें मनावर घेत नाहींत. पाठीशीं उभे राहतात ते, ज्यांचा मुलांना धाक वाटे, ते शाळामास्तर!

येथें लोककथा ही शोभेची झालर नव्हे. समुद्र तरुण माणसें खरोखरच गिळीत असे. त्या दुःखाला लोकांनीं सेल्कीचें रूप दिलें. हिंवाळी सणांतील मशाली आणि पेंढ्याचे पोशाख केलेले सोंगाडी हेही कथेच्या शेवटाला निव्वळ देखावा म्हणून येत नाहींत. अखेरचा सामना त्याच गर्दींत होतो.

नवल हें कीं, लेखिका मूळची शेटलंडची नव्हे. तिचा जन्म ईस्ट लोथियनमधील लॉंगनिड्रीचा; चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. पुढें तिनें स्वतः अभ्यास करून स्कॉटलंडचा इतिहास आत्मसात केला. चुन्यावांचून रचलेले, दुहेरी भिंतींचे प्राचीन ‘ब्रॉक’ बुरूज प्रथम कोणीं बांधले, याची नोंद नाहीं. तिनें ‘द स्ट्राँगहोल्ड’ मध्यें त्याचें श्रेय कोल नांवाच्या एका लंगड्या तरुणास दिलें, व १९७४ चें कार्नेगी पदक मिळविलें.

वृद्धांबरोबर गोष्टीही जातात. मात्र एखाद्या नातवानें ती मन लावून ऐकलेली असली, तर तीच गोष्ट घर तारून नेते.